जळगावचं उणे, धुळ्याचं अधिक

१

जळगावच्या एका कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक जीवराम सरोदे यांच्यावर घाला पडला तो सोमवारी, भर स्टाफरूममध्ये, सगळे चहा पीत असताना. रक्ताचा थेंबही सांडला नाही. त्यांनी टेबलावर दोन लांबलचक छापील कागद शेजारी शेजारी अंथरले, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, बोट या कागदावरून त्या कागदावर नेलं, पुन्हा माघारी आणलं, आणि "मेलो!" म्हणून मागच्या खुर्चीत बसले. खुर्चीत इतिहासाचे महाजन सर आधीच बसलेले होते. पण असल्या प्रसंगी ते बिचारे तरी काय बोलणार?

साल एक्क्याण्णव, दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली. येत्या शनिवारी सरोदे सरांच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. ही पीएच.डी. त्यांनी लग्नाआधी नोंदवली होती आणि आता थोरली मुलगी दहावीला बसत होती. मुदत वाढवून वाढवून विद्यापीठानं शेवटी हात टेकले होते. या शनिवारी झालं तर झालं, नाहीतर प्रकरण कायमचं बंद, असं त्यांना स्पष्ट कळवण्यात आलं होतं.

विषयही असा, की चारचौघांत सांगायची सोय नाही. बेसेल नावाच्या गणितज्ञाच्या घराण्यातलं, संमिश्र संख्यांवर चालणारं एक फलन. उजव्या बाजूला ते सुतासारखं सरळ वागतं, शून्यापाशी मात्र फुटतं. त्यामुळे उजवीकडून डावीकडे जायचं तर शून्यातून आरपार जाता येत नाही, त्याला वळसा घालावा लागतो. आणि गंमत अशी, की वरच्या अंगानं वळसा घातला तर डावीकडे एक उत्तर मिळतं आणि खालच्या अंगानं घातला तर दुसरंच. दोन्ही खरी. बायकोला, म्हणजे कमलबाईंना, सरोदे हे पाण्याच्या टाकीच्या गोल जिन्यावरून समजावत. मधल्या पायरीवरून एका बाजूनं अर्धा फेरा घ्या, अर्धा मजला वर जाल; दुसऱ्या बाजूनं घ्या, अर्धा मजला खाली याल; खिडकीतून चिंचेचं झाड मात्र दोन्हीकडून तेच दिसेल. गोंधळ नको म्हणून सगळ्या जगानं एक पायंडा ठरवून टाकला आहे. कागदावर वरच्या अंगानं, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेनं जायचं.

हा वळसा छोट्या छोट्या पावलांनी घ्यावा लागतो आणि प्रत्येक पावलाला संगणक थोडीथोडी चूक करतो. ती चूक वाढू न देता पावलं कशी टाकायची, याची एक युक्ती सरोदेंनी शोधली होती. तोच त्यांचा प्रबंध. परीक्षकांनी अट घातली होती, की हाच प्रोग्रॅम दुसऱ्या गावच्या दुसऱ्या यंत्रावर चालवा आणि दोन्ही तक्ते जोडा. एक तक्ता जळगावच्या कॉलेजात निघाला. दुसरा धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात निघाला आणि आज सकाळी हाती आला.

प्रत्येक उत्तराचे दोन भाग, एक वास्तव, एक काल्पनिक. वास्तव भाग दोन्ही तक्त्यांत तंतोतंत सारखे. काल्पनिक भागाचे आकडेही तेच. पण जळगावला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उणे, आणि धुळ्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत अधिक!

"माझ्या प्रोग्रॅमला कुणीतरी हात लावलाय," महाजन सरांच्या मांडीवरून उठत सरोदे म्हणाले. "आणि तो कुणी, तेही मला ठाऊक आहे."

त्यांनी बोट रोखलं. बोटासमोर रतिलाल चौधरी बशीतला चहा फुंकत उभा होता. रतिलाल त्याच विभागातला, आणि उन्हाळ्यात रिकाम्या होणाऱ्या विभागप्रमुखाच्या खुर्चीचा दुसरा उमेदवार. प्रोग्रॅमची फ्लॉपी एसटीनं धुळ्याला नेली होती ती त्यानंच.

"चोर!" सरोदे ओरडले.

रतिलालचे कान लाल झाले. त्यानं बशी अलगद टेबलावर ठेवली आणि तो बाहेर निघून गेला.

२

प्राचार्यांनी पोलिसांना बोलावलं नाही. तक्रार तरी काय लिहून देणार, उण्याचं अधिक झालं म्हणून? त्यांनी बेबाबाई फालकांना निरोप धाडला.

बेबाबाई, सगळ्यांच्या अक्का, अमळनेरच्या कॉलेजात जन्मभर भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. जीवराम सरोदे त्यांचेच विद्यार्थी. अमळनेरात कुणाचा हंडा हरवला किंवा कुणाच्या लग्नात कुणी विघ्न आणलं, की लोक आधी अक्कांचं दार वाजवत. कॉलेजची पितळी घंटा नाहीशी झाली तेव्हा सगळे भंगारवाल्यांकडे धावले होते आणि अक्का एकट्याच नव्यानं बांधलेल्या मारुतीच्या देवळात गेल्या होत्या. घंटा तिथे टांगलेली होती. अक्कांची पद्धत एकच, माणसांशी भलत्याच विषयावर बोलत बसायचं.

त्या दुपारच्या गाडीनं आल्या, केळ्याच्या वेफर्सची पुडी सोडली आणि दोन्ही तक्ते मांडीवर घेतले. सरोदे समोर नाक ओढत बसले होते.

"रडू राह्यला का तू, जीवराम?"

"नाही, अक्का. सर्दी."

"मग नाक पूस आणि त्या रतिलालला बोलाव."

रतिलाल आला, पण सरोदेंकडे पाठ करून बसला. अक्कांनी त्याला विचारलं ते एसटीत बसायला जागा मिळाली का, हे.

"पारोळ्यापर्यंत उभा होतो," रतिलाल म्हणाला. "कापसाचे दिवस, गाडीत धूळच धूळ. फ्लॉपी शर्टाच्या आत, बनियनला चिकटवून नेली. धुळ्याला उतरलो आणि तंत्रनिकेतनातल्या प्रमिलाबाई देवऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी चहा विचारला, मी नको म्हटलं, परतीची गाडी धरली. आता यात मी चोरी केली कुठे ते या विद्वानांना विचारा."

"घामानं भिजली असेल फ्लॉपी," सरोदे भिंतीकडे बघत म्हणाले.

"घामानं चिन्हं बदलत नसतात, असं त्यांना सांगा, अक्का. आणि हेही सांगा, की त्यांच्या जागी मी असतो तर आधी यंत्राकडे बघितलं असतं. जळगावच्या यंत्रात गणिताची वेगळी चिप बसवलेली आहे, धुळ्याच्या यंत्रात नाही. त्या चिपमध्ये शून्यं दोन असतात, एक अधिक शून्य आणि एक उणे शून्य."

सरोदेंना हसू फुटलं. शून्याला कसलं आलंय चिन्ह! पण अक्का हसल्या नाहीत.

"खरं आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "शून्याच्या डावीकडच्या रेषेवर नेमकं उभं राहून विचारलं, की मी वरच्या अंगाला की खालच्या, तर अधिक शून्यवालं यंत्र वरच्या म्हणतं आणि उणे शून्यवालं खालच्या. दोन यंत्रं दोन उत्तरं देऊ शकतात."

सरोदेंच्या अंगात जीव आला. म्हणजे गुन्हेगार यंत्रच! त्यांनी मनातल्या मनात परीक्षकांना उत्तरही देऊन टाकलं.

"पण तुझ्या बाबतीत ते चालायचं नाही," अक्का पुढे म्हणाल्या. "जो आभाळातून थेट त्या रेषेवर पडतो त्यालाच हा प्रश्न पडतो. तुझा प्रोग्रॅम पावलं टाकत चालत येतो. वरून आला की खालून, हे त्याला वाटेतच ठरलेलं असतं. तिथे पोचल्यावर यंत्राला विचारायची गरजच नाही. तेव्हा यंत्र सुटलं."

"मग?"

"मग माणूस." अक्कांनी पुडी गुंडाळली. "उद्या सकाळची धुळ्याची गाडी कितीला आहे?"

३

प्रमिलाबाई देवरे तंत्रनिकेतनात गणित शिकवत. त्या आणि सरोदे एम.एस्सी.ला एका वर्गात होते, आणि ही गोष्ट सरोदे गाडीत एरंडोल गेलं, पारोळा गेलं तरी अक्कांना सांगत नव्हते. प्रमिलाबाईंनी मात्र ती पहिल्याच वाक्यात सांगून टाकली.

"हे आम्हाला वर्गात म्हणाले होते, संमिश्र संख्या बायकांच्या आवाक्यातल्या नाहीत."

ज्यांच्याकडून आपण गणित शिकलो त्या अक्का शेजारीच बसल्या आहेत, ही जाणीव सरोदेंना मानेपासून टाचेपर्यंत झाली. अक्कांनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. तेवढं पुरे होतं.

"मी तेव्हा लहान होतो," सरोदे पुटपुटले, आणि त्याच क्षणी त्यांची खात्री पटली, की हाच तो गुन्हा आणि हाच त्याचा हेतू. रतिलालला उगीच बोललो, सूड प्रमिलाबाईंनी घेतला.

"सूड घ्यायचा तो मी तेव्हाच घेतला," त्यांच्या मनातलं ओळखून प्रमिलाबाई म्हणाल्या. "वर्गात पहिली आले. हे तिसरे होते. त्यानंतर माझा काही राग नाही."

मग अक्कांनी त्यांना शिरपूरच्या माहेराबद्दल विचारलं, तिथल्या मिरच्यांबद्दल विचारलं, आणि शेवटी जाता जाता प्रोग्रॅमबद्दल. प्रमिलाबाई म्हणाल्या, की आमचं यंत्र फार सावकाश चालतं. प्रोग्रॅम सुरू केला की पडदा काळाच्या काळा. काम चाललंय की यंत्र बंद पडलंय, काही कळायचं नाही. म्हणून त्यांनी त्यात एक सोय केली. पडद्यावर मधोमध दोन आडव्या-उभ्या रेषा काढल्या आणि प्रोग्रॅम वळशाच्या ज्या पावलावर असेल तिथे एक पांढरा ठिपका दिसेल असं केलं. ठिपका हलतोय म्हणजे यंत्र जिवंत आहे.

"बाकी अक्षरालाही हात लावला नाही. त्याच दिवशी सगळा प्रोग्रॅम छापूनही ठेवला. हा बघा."

अक्कांनी आणि सरोदेंनी तो जळगावच्या प्रतीशी ओळीला ओळ लावून बघितला. ठिपक्याच्या ओळी सोडल्या तर एका बिंदूचाही फरक नव्हता. वळसा वरच्या अंगानंच होता.

"म्हणजे जे काही झालं ते यानंतर झालं," अक्का म्हणाल्या. "चालवला कुणी?"

"मी दसरा झाल्यावर शिरपूरला गेले ती दिवाळी करूनच आले. सुट्टीत संगणकाच्या खोलीत धनसिंगशिवाय कुणी नव्हतं."

"चला, मग तोच प्रोग्रॅम त्या यंत्रात उघडून बघू. ज्यानं बदलला त्याची खूण तिथे असेलच."

प्रमिलाबाई जरा घुटमळल्या. "तो आता त्या यंत्रात नाही," त्या म्हणाल्या. "मी आले त्याच्या आदल्याच दिवशी धनसिंगनं यंत्रातलं सगळं पुसून टाकलं."

४

धनसिंग गिरासे हा शिंदखेड्याकडचा, संगणकाच्या खोलीचा सर्वाधिकारी. मिशा भरघोस, आवाज त्याहून भरघोस. त्याच्या खोलीत विद्यार्थी तर सोडाच, प्राचार्यही चपला बाहेर काढून येत. धूळ यंत्राला चालत नाही हे एक कारण झालं. यंत्राच्या डोक्यावर एकवीरा देवीचा फोटो होता हे दुसरं.

खोलीच्या मधोमध टेबल, टेबलावर यंत्र. बसायची खुर्ची दारातून उजवीकडे दोन पावलांवर. सरोदे तिकडे वळणार तोच धनसिंगनं हात आडवा केला.

"आठून नका, सर. तठून या."

तठून म्हणजे डावीकडून, टेबलाला उजव्या हाताला ठेवत, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून, सगळा फेरा घालून. सरोदेंचा गुडघा कपाटाला आपटला. अक्का मात्र पदर सावरत निमूटपणे फेरा घालून आल्या. धनसिंगला त्या फार आवडल्या.

"सगळं पुसून टाकलंत म्हणे?" सरोदेंनी तोंड उघडलं ते थेट तोफ डागूनच.

"पुसाच लागे, सर! पोऱ्यासनी कोठून तरी खेळनी फ्लॉपी आणी, तीमा विषाणू व्हता. बठ्ठं यंत्र आजारी पडनं. मंग मी बठ्ठं पुसी टाकं. तुमना तक्ता तेन्हा पहिलेच छापी ठेवा व्हता ना मी!"

"आणि माझी फ्लॉपी?"

"तिलेबी लागना व्हता. जाळी टाकी."

पुरावा पुसला, वर जाळलाही! सरोदेंची खात्री आता चौथ्यांदा पटली, आणि ही खात्री आधीच्या तिन्हींपेक्षा पक्की होती. त्यांनी अक्कांना डोळ्यांनी खूण केली. पण अक्कांना खुणेपेक्षा पडद्यात रस दिसला. बंद पडद्याच्या काचेवर अगदी मधोमध कुंकवाचा एक स्वस्तिक होता, सुकून काळपट झालेला.

"खंडेनवमीचा का हो, गिरासेभाऊ?"

"हा ना, अक्का. हत्यारं पूजतस, तसं यंत्रबी पूजं. देवीनं कुंकू शे. पुसाना जीव नही व्हत."

"चांगलं केलंत. आणि या सरांच्या गणितात तुम्ही काही बदल केला का?"

धनसिंगनं फोटोकडे बघून दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला. "देवीनी आन, अक्का. मी गणितले हात नही लावा."

सरोदेंना वाटलं, आता अक्का याला धारेवर धरतील. अक्का उठल्या, आल्या त्याच बाजूनं पुढे चालत फेरा पुरा करून दारात पोचल्या, आणि चपला घालताना म्हणाल्या, "जीवराम, तो खरं बोलतोय. आणि हे काम त्यानंच केलंय."

५

समोरच्या हॉटेलात शेवभाजी मागवली. तिखटानं सरोदेंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि या वेळी ते खरोखर तिखटामुळेच होतं.

"असं बघ," अक्का म्हणाल्या. "तुझं वाटोळं करायचं असतं तर माणूस मधलेच दोन-चार आकडे इकडचे तिकडे करील. ते तुला जन्मात सापडलं नसतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती चिन्हं फिरवायची, म्हणजे चोरानं जाताना घरातले सगळे दिवे लावून जाण्यासारखं झालं. आणि धुळ्याची उत्तरं चुकीची आहेत का?"

सरोदेंनी घास थांबवला. या दोन दिवसांत हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता. "नाहीत," ते सावकाश म्हणाले. "खालच्या अंगानं वळसा घेतला तर हीच येतात. शेवटच्या आकड्यापर्यंत हीच."

"म्हणजे कुणीतरी तुझा प्रोग्रॅम दुसऱ्या वाटेनं पाठवला, बस. याचा फायदा कुणाला? रतिलालला नाही, प्रमिलाला नाही, कुणालाच नाही. तेव्हा फायदा कुणाला हा प्रश्नच सोडून दे. वरच्या वाटेचा त्रास कुणाला झाला, ते विचार."

"वाटेचा कसला त्रास?"

अक्कांनी ताटात लिंबाची फोड मधोमध ठेवली आणि शेवेचा एक तुकडा तिच्याभोवती उजवीकडून वर, वरून डावीकडे असा फिरवला. "ही तुझी वाट. आणि ही फोड म्हणजे शून्य. पडद्यावर शून्य कुठे येतं? बरोब्बर मध्यावर. आणि मध्यावर काय आहे?"

सरोदेंनी लिंबाकडे बघितलं, शेवेकडे बघितलं. मग त्यांना आपला सुजलेला गुडघा आठवला. "अरे देवा," ते म्हणाले.

तरी त्यांचा विश्वास बसेना. गणितात वाढलेल्या माणसाला पुरावा लागतो. तेव्हा दुपारी प्रमिलाबाईंनी आपल्या छापील प्रतीवरून प्रोग्रॅम ठिपक्यासकट पुन्हा यंत्रात भरला, आणि सगळेजण रीतसर डावीकडून फेरा घालून टेबलाभोवती उभे राहिले. अक्कांनी धनसिंगला मानानं खुर्चीत बसवलं. "तुम्ही नुसतं बघा, गिरासेभाऊ," असं त्याला बजावलं.

पडदा उजळला. दोन रेषा बरोबर स्वस्तिकावर येऊन एकमेकींना भेटल्या. उजवीकडे पांढरा ठिपका उगवला, थोडा वर सरकला, आणखी थोडा सरकला, आणि स्वस्तिकाला डाव्या हाताला ठेवून उलट्या बाजूनं निघाला. डावीकडे पोचून तो मावळला. लगेच दुसरा उगवला, तोही तसाच निघाला.

धनसिंगनं मिशा चावल्या. मांडी हलवली. फोटोकडे बघून हात जोडले, पुन्हा पडद्याकडे बघितलं. चौथ्या ठिपक्याला त्याचा धीर सुटला. त्यानं प्रोग्रॅम थांबवला, उघडला, एका ओळीवर गेला, पावलाच्या कोनाआधी उण्याची खूण टोचली आणि पुन्हा सुरू केला. ठिपका आता उजवीकडून खाली, खालून डावीकडे, आरतीचं तबक ओवाळावं तसा स्वस्तिकाभोवती निघाला. धनसिंगनं मोकळा श्वास सोडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की सगळे त्याच्याकडे बघताहेत.

"देवीले कोनी उलटी फेरी मारस का?" तो कळवळून म्हणाला. "दिवाळीभर मी एकला आठे बसेल. दिवसभर तो टिपका देवीले उलटा फिरे! मना जीवले चैन पडेना. मंग मी त्याले सरळ वाटवर लाई दिधं. गणितले नही लावा हात, टिपकाले लावा!"

"पण धनसिंगभाऊ," प्रमिलाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी ठिपका वेगळा काढलाच नव्हता. गणित जिथे पाऊल टाकतं तिथेच तो दिसतो. ठिपका वळवला की गणितही वळलं."

"आणि अर्धीच फेरी होती ती," एवढं सगळं सोसलेल्या सरोदेंना हेही सोसवेना. "महादेवाला अर्धी घालून उलटे फिरतातच की!"

"ही देवी शे, सर. महादेव नही," धनसिंगनं त्यांना सुधारलं. मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "मनी नोकरी जाई का, अक्का?"

सरोदेंनी गाडीत ठरवून ठेवलं होतं, की गुन्हेगाराला नोकरीवरून काढायला लावायचं. त्या भरघोस मिशांखाली थरथरणारे ओठ त्यांनी बघितले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "नाही, नाही," ते घाईघाईनं म्हणाले. "कुणाला कळायचंही नाही."

"कळायलाच पाहिजे," अक्का म्हणाल्या. "नाहीतर रतिलालचं काय?"

६

शनिवारी सभागृह भरलं होतं. कमलबाई नवं लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. पुण्याहून आलेले परीक्षक उंच, किडकिडीत आणि मितभाषी होते. त्यांनी दोन्ही तक्ते समोर ठेवले आणि फक्त भुवया वर केल्या.

सरोदेंनी सगळं सांगितलं, कुंकवापासून सांगितलं. आधी दबकत, मग हळूहळू रंगात येत. सभागृह हसलं, पण परीक्षक हसले नाहीत. सांगता सांगता सरोदेंना स्वतःलाच नव्यानं दिसायला लागलं, की हे दुसऱ्या यंत्रावरचं नुसतं पुनर्गणन नाही. दोन यंत्रं दोन वेगळ्या वाटांनी चालत गेली, आणि शून्याच्या पलीकडे पोचल्यावर उत्तरं आरशातल्यासारखी जुळली. पावलांत चूक साठत गेली असती तर इतकी जुळली नसती. मागितली होती त्याहून चांगली परीक्षा त्यांच्या युक्तीची होऊन गेली होती.

"तर मग वरची वाटच का?" परीक्षकांनी विचारलं. "खालची का नको?"

"कारण काही नाही, सर. नुसता पायंडा. कुठलीही धरली तरी गणित चुकत नाही. फक्त कुठली धरली ते सांगावं लागतं. मी ते यंत्राला सांगितलं होतं. यंत्र चालवणाऱ्या माणसाला सांगायला हवं होतं."

परीक्षकांनी मान हलवली, पेन उचललं, आणि रिवाजाप्रमाणे श्रोत्यांकडे वळून विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

रतिलाल चौधरी उभा राहिला.

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एक अंदाज लंगडा होता. तो लंगडा आहे हे जगात फक्त त्या दोघांना, सरोदेंना आणि रतिलालला, माहीत होतं, कारण दोघांनी मिळून तो कित्येक दुपारी तपासला होता. त्यावर बोट ठेवलं, की शनिवार संपला, आणि विभागप्रमुखाची खुर्चीही गेली. रतिलाल तो प्रश्न विचारणार, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही विचारला असता, हे सरोदेंना कळून चुकलं.

"माझा प्रश्न साधा आहे," रतिलाल परीक्षकांकडे बघत म्हणाला. "उमेदवार म्हणतात, की दोन्ही वाटा बरोबर आहेत आणि यात कुणाचीच लबाडी नव्हती. मग भर स्टाफरूममध्ये एका माणसाला चोर म्हटलं गेलं, त्याचं स्पष्टीकरण काय?"

महाजन सरांनी चष्मा पुसायला काढला. सरोदेंनी टेबलावरचे दोन्ही तक्ते बाजूला सारले, पाण्याच्या ग्लासाला हात लावला, पण पाणी प्यायले नाहीत.

"स्पष्टीकरण नाही," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला समोर कुणीतरी लागतं. तेव्हा स्टाफरूममध्ये जे होते ते बहुतेक इथे बसलेले आहेत, म्हणून इथेच सांगतो. चुकलो, रतिलालभाऊ. माफ करा."

सोमवारपासून पहिल्यांदा रतिलालनं सरोदेंकडे सरळ बघितलं. मग तो परीक्षकांकडे वळला.

"उत्तर समाधानकारक आहे, सर," तो म्हणाला, आणि खाली बसला.